तक्त्याचा कोप

डायलिसिस केंद्राच्या व्हरांड्यात त्या सकाळी एवढी गर्दी होती, की ताईची चाकांची खुर्ची आत न्यायला मला चौघांच्या पायांची माफी मागावी लागली. एकानंही खाली पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पडद्यावर, आणि काचेच्या केबिनबाहेर चपलांचा हा ढीग. यंत्रांच्या खोलीत, जिथे माणसाचं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडतात, तिथे लोक खुशाल रस्त्यावरचे बूट घालून जात होते. अनवाणी जायचं ते केबिनमध्ये. केबिनमध्ये काय, तर एक टेबल, एक फिरती खुर्ची आणि एक संगणक.

“आज मेनू उतरणार आहे,” स्वेटरवाल्या मावशी कुजबुजल्या. त्यांचे यजमान यंत्राला जोडलेले असत तेवढा वेळ त्या बाहेर बसून स्वेटर विणत.

“कुठून उतरणार?”

“वरून.”

मी वर पाहिलं. वर पंखा होता.

पडद्यावर एक तक्ता दिसत होता. कुठल्याही कचेरीतल्या संगणकात असतो तसाच, उभ्या-आडव्या चौकोनांचा. एका बाजूला रुग्णांची नावं, दुसऱ्या बाजूला कुणापुढे हिरवं ‘या’, कुणापुढे तांबडं ‘थांबा’. वेगळं एवढंच, की असल्या तक्त्याच्या डोक्यावर एरवी मेनू असतो, बटणांच्या पट्ट्या असतात. याचं डोकं साफ होतं. माउसचं उजवं बटण दाबा, डावं दाबा, टेबलावर कपाळ आपटा, तो ढिम्म.

“बघा की, कुठे हात लावायला जागाच नाही त्याला,” मावशी म्हणाल्या. “आपलं आपण ठरवतो.”

“काय ठरवतो?”

“कुणाचं रक्त आज धुवायचं आणि कुणाचं नाही.”

तेवढ्यात केबिनमध्ये तक्तेश्वर अवतरले. हे नाव ताईनं ठेवलेलं. लोक त्यांना ‘महाराज’ म्हणत, आणि नेमणुकीच्या कागदावर ते ‘संगणक सहायक, कंत्राटी’ होते. पांढरा शर्ट, खांद्यावर जांभळा रुमाल. त्यांनी डोळे मिटले, रुमाल कीबोर्डवर पसरला, त्याखाली डावा हात घातला आणि बोलायला लागले.

“तुम्हाला वाटतं, तुम्ही तक्ता बघताय. चूक! तक्ता तुम्हाला बघतोय! त्याच्या एकेका चौकोनात एकेक जीव आहे. आणि मेनू म्हणजे काय? मेनू म्हणजे मोह! हे कापू का, ते चिकटवू का, हे रंगवू का! ज्याचा मोह गळाला, त्याचा मेनू गळाला. पण ज्याचं मन निर्मळ...” इथे रुमाल किंचित हलला, “...त्याच्यापुढे तो आपण होऊन उतरतो!”

आणि उतरला की! पडद्याच्या माथ्यावर सटासट पट्ट्या उमटल्या, बटणं लकाकली. व्हरांड्यातून एक लांबलचक ‘आ’ निघाला. मावशींचा टाका सुटला. औषधांच्या भांडाराचा भांडारपाल दाराशी उभा होता, त्यानं डोळे मिटून हात जोडले. रुमाल पुन्हा हलला आणि पट्ट्या जशा आल्या तशा गेल्या.

“आता तक्ता विचार करील,” तक्तेश्वर म्हणाले. “विचार करणाऱ्याकडे टक लावून बघू नये.”

भिंतीवरचा पडदा विझला. आतून टकटक आवाज येऊ लागला. विचार करताना टाइप केल्यासारखा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं.

पडदा उजळला तेव्हा काही हिरवे तांबडे झाले होते आणि काही तांबडे हिरवे. हिरवी माणसं डोळे पुसत आत गेली. कोपऱ्यातल्या एक बाई, सुजलेल्या चेहऱ्याच्या, पडद्यावर आपलं नाव दोनदा वाचून म्हणाल्या, “माझंच काहीतरी चुकलं असेल.” आणि भिंतीला धरून घरी निघाल्या.

हसू आलं असेल तर ते जरा बाजूला ठेवा. ज्याची मूत्रपिंडं बंद पडली आहेत त्याला आठवड्यातून तीनदा त्या यंत्राला जोडावं लागतं. एक पाळी चुकली की पाय सुजतात. दुसरी चुकली की पाणी छातीत चढतं आणि माणसाला आडवं होता येत नाही. पुढचं तुम्हाला कळतं. तांबडं ‘थांबा’ म्हणजे बसच्या रांगेतलं थांबा नव्हे. आणि ते वाचून कुणी आरडाओरडा करत नव्हतं, कुणाची गचांडी धरत नव्हतं. स्वतःच्या मनाचा मळ शोधत घरी जात होतं!

हे सगळं सुरू झालं ते दोन यंत्रं बंद पडली तेव्हा. त्याआधी पाळ्या मोठ्या सिस्टर लावत, रक्ताचे रिपोर्ट आणि रुग्णाचं वजन बघून. लोक त्यांच्याशी भांडत, त्या ऐकून घेत, कधी बदल करत, कधी झापत. यंत्रं कमी झाल्यावर भांडणं वाढली. केंद्राचे मोठे डॉक्टर हुशार, मृदू, आणि भांडणाला, विंचवाला भ्यावं तसे, भिणारे. यंत्रं दुरुस्त करून घ्यायची तर त्यांना वरच्या कचेरीशी भांडावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी यंत्रांवर पांढऱ्या चादरी घातल्या आणि पाळ्यांचा तक्ता करायला एक कंत्राटी माणूस आणला. त्यानं तक्ता केला. तक्त्याला मेनू नव्हता. का नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी विचारलं नाही, म्हणून कुणीच विचारलं नाही.

केबिनमधला संगणक एकच. भांडारपाल औषधांचा साठा त्यातच ठेवी, लोकांच्या रजा कारकून त्यातच मांडी. एक दिवस भांडारपालाचं आणि या कंत्राटी माणसाचं खुर्चीवरून वाजलं. भांडारपाल म्हणाला, “तुझ्या तक्त्यापेक्षा सिस्टरबाई बऱ्या होत्या.” त्याच दुपारी वीज गेली. परत आल्यावर भांडारपालानं आपला औषधांचा तक्ता उघडला, तर त्याचाही मेनू गायब! कारकुनाच्या रजांचा गायब! त्या संगणकातल्या एकूण एक तक्त्याचं डोकं कुणीतरी भादरून ठेवलेलं. भांडारपालाला घाम फुटला. कंत्राटी माणसाला बोलावलं. मोठ्या सिस्टर तिथेच होत्या. त्या सांगतात, तो स्वतःही आधी दचकला होता. पण मग त्यानं कीबोर्डवर हात ठेवला आणि मेनू परत आले.

“माफी माग,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. भांडारपालानं मागितली. तिथे सहायक संपला आणि महाराज सुरू झाले.

मग नियम निघाले. तक्ता कधीही बंद करायचा नाही, नाहीतर कोप होतो. केबिनमध्ये अनवाणी यायचं. रोज सकाळी महाराजांसमोर मौन धरून बसायचं, म्हणजे मन निर्मळ होतं. जे बसत, त्यांना हिरवं जास्त येई. ज्यांच्या जावयानं महाराजांना स्वतःची गाडी वापरायला दिली होती, त्या गृहस्थांना तर आठवड्यातून चारदा ‘या’ येई. व्हरांड्यात जोर काढायचे तेवढे त्यांचे बाकी होते. आणि वीज जाऊन तक्ता बंद पडू नये म्हणून केंद्रानं संगणकाला इन्व्हर्टर घेतला. यंत्रांच्या दुरुस्तीला निधी नव्हता. इन्व्हर्टरला होता. दोन यंत्रं चादरीखाली निवांत झोपली होती आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत एका संगणकाला अखंड वीज मिळत होती. हे लिहितानासुद्धा मी दातओठ खातोय.

तर त्या सकाळी, कोपऱ्यातल्या बाई निघून गेल्यावर, ताईनं हात वर केला.

ताईनं अख्खी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढाच तिचा धर्म.

“अहो महाराज,” ती म्हणाली, “त्या बाईंचं मघाशी हिरवं होतं, ते तांबडं झालं. कुठल्या हिशेबानं?”

“ताई, हिशेब माणसं करतात. तक्ता न्याय करतो.”

“मग तर कारण सांगायलाच पाहिजे.”

“श्श!” चारी बाजूंनी आलं.

“तुमच्या मनात संशय आहे,” तक्तेश्वर गोड हसले. “संशय म्हणजे व्हायरस. तो आधी बाहेर काढा.”

“माझ्या अंगात युरिया आहे,” ताई म्हणाली. “तो बाहेर काढायला मी इथे येते.”

कुणी हसलं नाही. मी हसलो, ते महागात पडलं. पडदा विझला, टकटक झाली, पडदा उजळला. ताईच्या नावापुढे तांबडं ‘थांबा’.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते हात धूत होते.

“माझ्या हातात काही नाही हो,” ते म्हणाले. “त्या तक्त्यातलं गणित फार गुंतागुंतीचं आहे. सगळे घटक धरलेत त्यात.”

“कोणते घटक?”

“सगळे.”

“तुम्ही पाहिलेत?”

“दिसत नाहीत ना! तेच तर,” ते म्हणाले आणि पुन्हा साबण लावला.

पुढच्या पाळीलाही तांबडं आलं. घरी ताई खुर्चीत बसून राहिली, पाय बादलीएवढे, श्वास घेताना खांदे वर उचलावे लागत होते. आडवं व्हायचं नाव काढलं की घाबरी व्हायची. तरी जीभ शाबूत होती. “महाराजांना निरोप दे,” ती म्हणाली, “मन निर्मळ झालंय. आता... आत पाणीच पाणी आहे.”

मी भाचीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. आईच्या तब्येतीचं ऐकल्याबरोबर निघाली. दारात पिशवी टाकून आधी आईचे पाय दाबून पाहिले, बोटाचा खळगा तसाच राहिला. मग माझ्याकडे वळली.

“मामा, नीट सांग. मेनू दिसत नाही?”

“नाही.”

“चौकोनात काय लिहिलंय ते दाखवणारी वरची पांढरी पट्टी?”

“तीही नाही.”

“आणि वीज गेली, तेव्हा दुसऱ्या तक्त्यांचेही मेनू गेले?”

“एकूण एक. तोच तर कोप.”

तिच्या तोंडावर हसू येऊ घातलं होतं, ते आईकडे बघून तिथेच विरलं. “मामा, हे मी दर परीक्षेला करते.”

“काय? कोप?”

“अरे, आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर गुणांच्या तक्त्यात नको ती बटणं दाबतात आणि अख्ख्या वर्गाची बेरीज उडवतात. म्हणून मी त्यांच्यापासून मेनू लपवून ठेवते.”

“मग ते तुझ्या पाया पडतात?”

“छे. भांडतात. शहाणे आहेत.”

आम्ही ताईला घेऊन तसेच केंद्रात गेलो. व्हरांडा भरलेलाच होता. ताईचं नाव पडद्यावर तांबडंच. भाची थेट केबिनमध्ये शिरली, चपलांसकट.

“चपला! चपला!” भांडारपाल ओरडला.

“यंत्रांच्या खोलीत जाताना काढीन. तिथे जंतूंची भीती आहे. सरका.”

तक्तेश्वर खुर्चीतून न उठता म्हणाले, “बाळ, तू रागात आहेस. रागावलेल्या माणसाला तक्ता दर्शन देत नाही.”

“मला दर्शन नकोय. मला तो बंद करायचाय.”

सगळ्या व्हरांड्याचा श्वास अडकला. तक्तेश्वरांनी माउस मुठीत धरला. “बंद? सगळ्यांच्या पाळ्या पुसल्या जातील! इथे कुणाचं काही झालं तर पाप तुझ्या माथ्यावर!”

स्वेटरवाल्या मावशी पुढे आल्या, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्या गयावया करत होत्या. “नको गं बाई. माझ्या माणसाचं आज हिरवं आहे. कोप व्हायचाच तर माझ्या नावावर होऊ दे, पण बंद नको करू.”

भाचीचा आवाज खाली आला. “मावशी, आधी मी याची नक्कल काढून ठेवते. या पेन ड्राइव्हवर. काही झालं तर ती लावू. तुमच्या यजमानांचं काही जाणार नाही.”

“आणि परवानगी कुणाची?” तक्तेश्वरांनी विचारलं.

“माझी,” दारातून आवाज आला. मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, बाह्या दुमडलेल्या. “जबाबदारीही माझी. काल त्या सुजलेल्या बाईंना श्वास घेता येईना म्हणून अॅम्ब्युलन्समध्ये घालून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तेव्हा जबाबदारी कुणाची होती, ते मला अजून कुणी सांगितलं नाही. उठा तुम्ही खुर्चीतून.”

तक्तेश्वर उठले. भाचीनं नक्कल घेतली. मग तक्ता बंद केला.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. संगणक घरघरत होता. तिनं भांडारपालाचा औषधांचा तक्ता उघडून दाखवला, मेनूसकट. मग पाळ्यांचा तक्ता पुन्हा उघडला, आणि उघडताना डाव्या करंगळीनं कीबोर्डच्या कोपऱ्यातलं शिफ्टचं बटण दाबून धरलं.

तक्ता उघडला. डोक्यावर सगळं जिथल्या तिथे: मेनू, पट्ट्या, बटणं. रुमाल नाही, डोळे मिटणं नाही, मोह नाही, काही नाही.

तक्तेश्वरांचा चेहरा पिठासारखा झाला. पण माणूस कलंदर. दुसऱ्याच क्षणाला त्यांनी दोन्ही हात वर केले.

“बघितलंत? सांगत नव्हतो मी? निर्मळ मन! ह्या मुलीचं मन निर्मळ आहे! तक्त्यानं हिला ओळखलं!”

आणि लोकांनी हात जोडले! भाचीला! कुणीतरी वाकून तिच्या पायांना हात लावला. मी थक्क झालो. चोर पकडून आणावा आणि लोकांनी चोराला सोडून शिपायाची मिरवणूक काढावी, अशातली गत.

“पाय सोडा!” भाची कडाडली. गणिताच्या तासाला मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. “सोडा म्हणते ना! तुमची माणसं मरायला टेकलीत आणि तुम्ही पायच शोधताय?” तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि भांडारपालाला बोटानं बोलावलं. “तुम्ही या. तुमचं मन निर्मळ आहे?”

“छे, छे!” भांडारपाल प्रामाणिकपणे म्हणाला.

“नक्की?”

“मनात फार वाईट विचार येतात हो. विशेषतः कारकुनाबद्दल.”

“उत्तम. बसा इथे. तक्ता बंद करा. आता हे शिफ्ट दाबून धरा. करंगळीनं. सोडू नका. उघडा.”

भांडारपालानं उघडला. मेनू हजर. त्यानं आपली करंगळी डोळ्यांसमोर धरून उलटीसुलटी पाहिली. मागून कारकून म्हणाला, “वाईट विचार करूनसुद्धा?” आणि पहिल्यांदा व्हरांड्यात कुणीतरी खुदकन हसलं.

“आता ऐका,” भाची म्हणाली. तिनं तक्त्याच्या पोटातलं एक वेगळं पान उघडून मोठ्या पडद्यावर लावलं. “याला मॅक्रो म्हणतात. मॅक्रो म्हणजे संगणकाला आधीच लिहून ठेवलेले हुकूम. यातले हुकूम मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवते. तक्ता उघडल्याबरोबर मेनू लपव. सगळ्या पट्ट्या लपव. उजवं बटण चालू देऊ नकोस. आणि ही तीन बटणं कुणी एकदम दाबली, तर सगळं पुन्हा दाखव. झालं. संपला मंत्र.” तिनं डावा हात कीबोर्डवर ठेवून तीन बोटं फाकवली. “ही बोटं दिसू नयेत म्हणून वर रुमाल.”

“आणि शिफ्ट?” मावशींनी विचारलं.

“उघडताना शिफ्ट धरलं की हे हुकूम सुरूच होत नाहीत. मग लपवणार कोण?”

“मग माझ्या साठ्याचा मेनू का गेला होता?” भांडारपालाचा आवाज चढला. “मी तर त्या तक्त्याला हातही लावला नव्हता!”

“कारण हे हुकूम नुसत्या या तक्त्याचा मेनू लपवत नाहीत, या संगणकातल्या सगळ्याच तक्त्यांचा लपवतात. तक्ता नीट बंद केला, की जाता जाता परत दाखवतात. त्या दिवशी वीज गेली, तक्ता बंद न होता एकदम मेला. परत दाखवायचं राहून गेलं. कोप कसला? यांचं काम अर्धवट होतं. यांच्या चुकीची माफी तुम्ही मागितलीत.”

भांडारपाल तक्तेश्वरांकडे ज्या नजरेनं बघत होता, ती बघून मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

“पण गणित!” मोठे डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले होते. “मेनू लपवला असेल, ठीक आहे. पण पाळ्यांचं आतलं गणित तरी...”

“तेच दाखवते. ही वरची पांढरी पट्टी बघा, डॉक्टर. चौकोनात गणित असलं, तर त्यावर बोट ठेवल्याबरोबर ते या पट्टीत दिसतं. म्हणून तर ही पट्टीही लपवलेली होती.” तिनं आईच्या नावापुढचा चौकोन निवडला.

पांढऱ्या पट्टीत एकच शब्द होता. थांबा.

“वजन नाही, रिपोर्ट नाही, सूत्र नाही, बेरीजसुद्धा नाही,” भाची म्हणाली. “टाइप केलंय. हातानं. माझ्या आईनं प्रश्न विचारला म्हणून या माणसानं तिच्या नावापुढे एक शब्द टाइप केला, आणि पडदा विझवला!”

तिनं पुढचा चौकोन निवडला. मग पुढचा. ‘या’. ‘या’. ‘थांबा’. ‘या’. सगळीकडे नुसते शब्द. व्हरांड्यातला प्रत्येक जण आपल्या माणसाच्या चौकोनाची वाट बघत होता, आणि तो आल्यावर मान वळवत होता.

“मी शिस्त आणली,” तक्तेश्वर पुटपुटले. “इथे लोक भांडत होते...”

“भांडत होते आणि जगत होते,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग मोठ्या डॉक्टरांकडे वळल्या. “तुम्ही एकदाही कसं विचारलं नाहीत, डॉक्टर?”

“मला वाटलं, त्यात गणित आहे.”

“तसं वाटणं तुमच्या सोयीचं होतं.”

यावर साबण नव्हता. सिस्टरांनी ताईची चाकांची खुर्ची स्वतः वळवली, तिचा श्वास मोजला, आणि कुणालाही न विचारता तिला आत नेलं. दार बंद होताना ताई दमल्या आवाजात म्हणाली, “बघ हं सिस्टर, मन तपासलं नाहीस माझं.”

“युरिया तपासते,” सिस्टर म्हणाल्या.

बाहेर आता भांडण जुंपलं होतं, आणि इतकं गोड भांडण मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. लोक मोठ्या डॉक्टरांना विचारत होते, यंत्रांवरच्या चादरी कधी निघणार, वरच्या कचेरीत कोण जाणार, आत्ता का नाही. भांडारपाल आणि कारकून, दोघंही, जायला तयार होते. तक्तेश्वर मागच्या दारानं सटकायला बघत होते, तर जावयाची गाडी महाराजांना दिलेल्या गृहस्थांनीच त्यांना दंडाला धरून आणलं. आठवड्यातून चारदा डायलिसिस झालेल्या माणसाच्या अंगात बरीच ताकद असते.

स्वेटरवाल्या मावशी मात्र ओरडत नव्हत्या. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. विणकाम मांडीवर तसंच.

“भाऊ, मी रोज सकाळी मौनाला बसायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणून आमचं हिरवं यायचं ना?”

“तसंच दिसतंय.”

“म्हणजे यंत्रं तर तेवढीच होती. मग आमच्यासाठी कुणाला थांबावं लागलं असेल?”

मला उत्तर माहीत होतं, आणि त्यांनाही. अॅम्ब्युलन्स कोणत्या दवाखान्यात गेली, ते त्यांनी सिस्टरांना विचारून घेतलं आणि यजमान आत असतानाच तिकडे जायला उठल्या.

आता माझं एवढंच सांगणं आहे. मेनू लपवणं हा गुन्हा नाही. शाळेतली एखादी शिक्षिका, कचेरीतला एखादा माणूस आपलं काम कुणी बिघडवू नये म्हणून रोज ते करतो, आणि विचारलं तर कसं केलं तेही सांगतो. गुन्हा सुरू होतो तो लपवलेल्याला पवित्र म्हटल्यावर. उद्या तुमच्या पोराचा प्रवेश, तुमच्या आईची खाट, तुमची नोकरी कुणी पडद्याआड ठरवील आणि म्हणेल, हे तुमच्या बुद्धीपलीकडचं आहे. तो भगवे घालून आलेला असेल, पांढरा कोट घालून असेल, नाहीतर नुसता संगणकापुढे बसलेला असेल. त्याला विचारा, कसं ठरवलंत? उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा, मोठ्यानं विचारा, आणि शेजाऱ्यालाही विचारायला लावा. लोक ‘श्श’ म्हणतील. म्हणू देत. मन मळलेलं असलं तरी चालतं. तोंड उघडं पाहिजे.